भाऊबीजेचा रुपया सोडून बाकी सर्व

मी, शालिग्राम झिपरू भारंबे, वय वर्षे एकोणसत्तर, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून तपासनीस म्हणून निवृत्त, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. उलट घरातील प्रत्येकाने लिहू नका असेच सांगितले. माझ्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढलेला आहे. मुंबईच्या टाकसाळीत नाणे पडले की सालाखाली एक बारीक चौकट असते, ती मला त्या डोळ्याने भिंगाशिवाय दिसते. शुद्धीचा यापेक्षा चांगला दाखला डॉक्टरांकडे नव्हता, तरी त्यांचाही जोडला आहे.

माझे वारस तीन. पत्नी सुगंधाबाई, माहेर पहूर. मुलगा गिरधर, जळगावात ठिबकच्या नळ्यांचे दुकान. मुलगी लता, धुळ्याला दिली.

घर आणि पैसा यांवरून माझी मुले भांडणार नाहीत. ती तशी नाहीत. ती एका रुपयावरून भांडतील. भांडली आहेत. हा कागद त्या रुपयासाठी आहे. बाकीची कलमे, मृत्युपत्र म्हटल्यावर लिहावी लागतात म्हणून.

कलम १. राहते घर सुगंधाबाई हयात असेपर्यंत तिचे. त्यानंतर दोन्ही मुलांचे, निम्मे निम्मे. मागच्या अंगणातील लिंबाचे झाड शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेले आहे. ते त्यांनी तीनदा तोडायला सांगितले. तोडू नये. लिंबे मात्र त्यांना द्यावीत. ती त्यांनी कधी नाकारलेली नाहीत.

कलम २. पोस्टातील व बँकेतील ठेवी, निवृत्तिवेतनाची जी काही थकबाकी येईल ती, सर्व सुगंधाबाईची. तिने कोणाला हिशेब द्यायचा नाही.

कलम ३. माझे पितळी भिंग आणि सोनाराचा छोटा काटा लताला.

कारण लिहितो. नाण्यावर एखादी वावगी रेघ दिसली तर प्रथम तिच्यावरून नख फिरवावे. नख अडखळून वर चढले, तर साचा तडकला होता आणि त्या तड्यात धातू शिरला, रेघ टाकसाळीची. नख खाली घसरले, तर ती नंतर कोणीतरी ओरखडली, रेघ माणसाची. उठलेले ते खरे, खोल गेलेले ते खोटे. हा नियम मी लताला तिच्या लग्नानंतर शिकवला, कारण लग्नाआधी तिने ऐकून घेतले नाही. आता ती धुळ्याहून येते आणि पिशवी खाली ठेवण्याआधी विचारते, "नाना, नवं काय सापडलं?" गिरधर विचारतो, "नाना, केवढ्याला जाईल?" दोन्ही प्रश्न योग्य आहेत. भिंग पहिल्याला देतो.

या नियमाला एक अपवाद आहे. तो पुढे येईल.

कलम ४. माझा नाण्यांचा संग्रह, म्हणजे पत्र्याच्या तीन पेट्या, गिरधरला. त्याने तो विकावा. मला वाईट वाटणार नाही.

या पेट्यांत एकही जुने नाणे नाही. शिवराई नाही, मोगल नाही, राणीछाप नाही. सर्व आपल्याच काळातली, भाजीवाल्याने आणि एस. टी. कंडक्टरने परत दिलेली. प्रत्येकात टाकसाळीची चूक आहे, एवढेच. ती मी जामनेरच्या बाजारात, बसस्थानकांवर आणि जत्रेनंतर देवळाच्या ओट्यावर बसून चिल्लर चाळत जमवली.

फॅक्टरीत माझे काम हेच होते, उलट्या दिशेने. पितळेच्या पट्टीतून चकत्या कापल्या जात. त्यांतली वाकडी, चिरलेली, कड तुटलेली मी उचलून बाजूला टाकत असे. ती वितळायला परत जाई. तिथे दोष म्हणजे रद्दी, आणि रद्दी झालीच पाहिजे, कारण दोषी काडतुसाने शिपाई मरतो. नाण्याच्या दोषाने कोणी मरत नाही. म्हणून ते सुटते आणि बाजारात फिरते.

टाकसाळीतही माझ्यासारखा एक माणूस बसत असेल. त्याच्यापुढून नाण्यांचा लोंढा जात असेल. त्याला शिंक आली असेल, कोणी हाक मारली असेल. तेवढ्यात एक नाणे गेले. ते कुठल्या तरी गावी कुणाच्या तरी खिशात पडले, हजार हात फिरले, कोणी पाहिले नाही, आणि पहूरच्या पानटपरीवर माझ्या तळहातावर आले. त्या माणसाला मी ओळखत नाही. त्याची एक शिंक माझ्याकडे आहे. हे मला अजून नीट समजलेले नाही. पेटी उघडली की दर वेळी थोडा वेळ मी काहीच करू शकत नाही.

पहिल्या पेटीत पंचवीस पैशांचे एक नाणे आहे. चकती साच्याखाली नीट बसली नाही, ठसा सरकला, अर्धे नाणे कोरे राहिले. गिरधरने ते सर्वांत शेवटी विकावे आणि विकण्याआधी त्या कोऱ्या भागाकडे एकदा पाहावे.

दुसऱ्या पेटीत कड चावल्यासारखी दिसणारी नाणी आहेत. पत्रा कापताना सुरी आधीच्या भोकावर पडली की चकतीचा तेवढा घास जातो. कानशीने घासून अशी नाणी बनवणारे लोक आहेत. खरे ओळखण्याची खूण अशी: घासाच्या बरोबर समोरची कड पाहावी. खऱ्या नाण्यात ती कड पुसट असते. एका बाजूला धातू कमी पडला म्हणून दुसऱ्या बाजूला दाब पोचला नाही. कानशीवाल्याला एक बाजू करता येते, समोरची करता येत नाही. जखम खरी असेल तर तिची साक्ष समोरच्या बाजूला असते.

किमतीविषयी. मोठी चूक म्हणजे मोठी किंमत, असे नाही. चूक यंत्राची हवी, पूर्ण हवी, आणि नाणे कमी हातांतून गेलेले हवे. सर्व पेट्या एकाच व्यापाऱ्यापुढे उघडू नयेत. व्यापारी ज्या नाण्याकडे पाहत नाही, ते त्याला हवे असते. आणि नाणे कधीही धुऊ नये. धुतलेल्या नाण्याची कातडी जाते. ती परत येत नाही. हा नियम मी तीस वर्षे सर्वांना सांगितला.

कलम ५. माझे फॅक्टरीतील सहकारी उखर्डू भिका कोल्हे यांनी सेवाकाळात मला एक रुपया आणून दिला. दोन्ही बाजूंना सिंह, दोन्ही उठलेले. मी आठवडाभर झोपलो नाही. मग ते नाणे फरशीवर टाकले. चांगले नाणे खणखणते. ते ठप्प बोलले. उखर्डूने दोन रुपये जाडीत अर्धे कापून चिकटवले होते. त्यासाठी त्याने फॅक्टरीची लेथ वापरली, हे आता दोघेही निवृत्त असल्यामुळे लिहिण्यास हरकत नाही. "शाल्या," तो म्हणाला होता, "जल्मभर चुका पाह्यल्या, अन् माही तं नजरेतून सुटली!"

ते नाणे त्याला द्यावे असे ठरवले होते. परंतु तोच साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाले. म्हणून सह्यांपूर्वी मी ते त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते फरशीवर टाकून पाहिले. अजून ठप्पच बोलते.

कलम ६. माझ्यामागे दिवस-कार्य गिरधरला पटेल तसे करावे. अंत्ययात्रेत चिल्लर उधळण्याची आमच्याकडे रीत आहे. माझ्यासाठी उधळू नये. लोकांनी आग्रह केलाच, तर ती चिल्लर आधी लताने भिंगाखाली पाहावी. त्यात वेळ जाईल. मला घाई नसेल.

कलम ७. आता तो रुपया.

सुगंधाबाईचे भाऊ जीवराम पहूरला केळी आणि कापूस करीत. दर भाऊबीजेला ते आमच्याकडे येत आणि ताटात रुपया टाकत. एक नोट देऊन वर तो रुपया. नोट खर्चायची, रुपया ठेवायचा, असे ते म्हणत, आणि सुगंधाबाई रुपयाही खर्चून टाकी. एक्क्याऐंशीच्या भाऊबीजेला ते असेच आले. त्याच हिवाळ्यात विहिरीवरच्या मोटारीचा झटका बसून ते गेले. त्या वर्षीचा रुपया योगायोगाने अजून डब्यात होता. सुगंधाबाईने तो काढून देव्हाऱ्यात ठेवला. तेव्हापासून लक्ष्मीपूजनाला तोच असतो.

दर धनत्रयोदशीला ती चिंच भिजत घालते आणि देवाची भांडी, टाक आणि तो रुपया घासते. मला हे दिसत असे. मी त्या बाजूला लक्ष देत नसे. साऱ्या जत्रेची चिल्लर मी चाळली. घरच्या देवापुढचा रुपया कधी उचलून पाहिला नाही.

एकोणनव्वदच्या दिवाळीत ती ओट्यावरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. म्हणाली, "यंदा देव तुम्हीच घासा." मी बसलो. समई झाली, टाक झाले, रुपया हातात घेतला. तेव्हाचा मोठा रुपया. चिंचेचा गोळा त्यावर फिरवला आणि अंगठा खाली गेला.

मी तो पाण्यातून काढला आणि उजेडात धरला.

एका बाजूला सिंह होते, नेहमीसारखे. दुसऱ्या बाजूला एक, रुपया, गव्हाच्या ओंब्या, साल, यांतले काहीही नव्हते. तिथेही सिंह होते. पण ते आत गेलेले होते. खोल. उलटे, आरशातल्यासारखे. 'भारत' ही अक्षरे उलट्या दिशेने आणि आत.

बाजारात याला लाखी म्हणतात. लाखात एक म्हणून. मी ते कधी पाहिलेले नव्हते. ते असे होते. एक नाणे ठोकले जाते आणि बाहेर पडत नाही. वरच्या साच्याला चिकटून राहते. खाली पुढची चकती येते. तिच्यावर साचा पडत नाही. आधीचे नाणे पडते. खालचा साचा तिला सिंह देतो, उठलेला. वरून आधीचे नाणे तिला स्वतःचा चेहरा देते, तो आत उमटतो. किमतीचा साचा त्या नाण्याने झाकलेला असतो, म्हणून किंमत उमटत नाही, आणि साल नाही, टाकसाळीची खूण नाही. तो रुपया आहे, पण त्यावर रुपया असे कुठेही लिहिलेले नाही. तो केव्हाचा आणि कुठला, हे कोणालाही सांगता येणार नाही. खोल ते खोटे, हा माझा नियम तिथे संपतो.

माझ्या हाताला चिंच लागलेली होती. ती कोपरापर्यंत ओघळली. मी विचारले, "हे तुला माहीत होतं?"

"काय?"

"याला एका अंगाला खड्डा आहे."

"आठ वरसं झाली घासते मी. तिथी चिंच अडकते. काडीनं काढा लागते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी इचारलं? तुम्ही तं साऱ्या गावाचे रुपये पाहता."

तो रुपया मी तिला विचारून धुळ्याला नेला. तेथे बन्सीलाल यांचे चांदीचे दुकान आहे. नाण्यांचा व्यवहार ते मागच्या खोलीत करतात. त्यांनी आधी उठलेली बाजू पाहिली. सिंहांचे चेहरे गेले होते, आयाळ सपाट झाली होती.

"शालिग्रामभाऊ, हे धुतलं कोणी?"

"घरी."

"एकदा?"

"दर दिवाळीला."

"अरे देवा. हा तर मेला."

मग त्यांनी नाणे उलटले. चिंच उठलेले झिजवते. खोल गेलेल्यापर्यंत तिचा हात पोचत नाही. उलट्या सिंहांचे डोळे होते. आयाळीचे केस मोजता आले असते. टाकसाळीतून काल बाहेर पडल्यासारखी ती बाजू होती. बन्सीलाल उठले, मोरीत जाऊन हात धुऊन आले, आणि मग पुन्हा नाणे हातात घेतले. तीस वर्षे धंदा करणारा माणूस.

"भाऊ," शेवटी ते म्हणाले, "ही बाजू या रुपयाची नाही. ह्याच्या आधी जो पडला, त्याची आहे."

त्यांनी आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही. लिहिला, तर गिरधर या कागदातले बाकीचे काही वाचणार नाही.

गिरधरला तो यंदा कळला, कारण बन्सीलाल यांनी दुकानावर फोन केला. शेजारचा गाळा विकायला निघाला आहे आणि तो त्याला हवा आहे. तो लोभी नाही. गणपतीत लता आलेली असताना त्याने सर्वांसमोर आईला विचारले.

"बाई, देव्हाऱ्यात दुसरा रुपया ठेवू. नवा कोरा. देवाले काय कळते?"

सुगंधाबाई म्हणाली, "देवाले नही कळत. मले कळते."

लता म्हणाली, "वीक ना. गाळ्यावर पाटीही लाव. 'मामाची कृपा'."

गिरधर ताटावरून उठून गेला. लताने दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली. दोघे तेव्हापासून बोललेले नाहीत, आणि भाऊबीज पुढच्या आठवड्यात आहे.

म्हणून मी वकिलांकडे गेलो. तो रुपया कोणाला लिहून द्यावा, कसा, हे विचारले. त्यांनी तो मला कसा मिळाला, हे विचारले. मी सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले.

"भारंबे, तो तुमचा नाहीच. भावाने बहिणीला घातलेली ओवाळणी. स्त्रीधन. तुम्ही देणार कसा?"

मी घरी चालत आलो. आयुष्यभर जे शोधले, ते माझ्या घरात होते आणि माझे नव्हते. वाटेत मला याचे दुःख होईल अशी मी वाट पाहत होतो. झाले नाही. उलट तो रुपया अधिकच मोठा वाटू लागला.

तेव्हा या कलमान्वये मी जाहीर करतो की सदर रुपया माझ्या मालमत्तेत मोडत नाही. तो मी कोणालाही देत नाही, कोणापासून काढूनही घेत नाही. माझा वारस म्हणून त्यावर कोणी हक्क सांगितल्यास तो रद्द समजावा. तो सुगंधाबाईचा आहे. तिने तो ठेवावा, विकावा, विहिरीत टाकावा.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवले. वना अभिमन पाटील हे शेजारी, मूळ धुळ्याकडचे, दुसरे साक्षीदार, तेही बसले होते. ते म्हणाले, "आबा, हाई बठ्ठं लिखानं काय काम शे? वहिनीले इचारी ल्या ना." हे सगळे लिहिण्याऐवजी तिलाच विचारावे, हे मला सुचले नव्हते.

मी विचारले. ती लसूण सोलत होती. सोलता सोलता म्हणाली,

"मी हाये तोवर तो देवापाशी. माह्यामांगं गिरधरनं तो लताच्या ताटात टाकावा. भाऊबीजेले. भावाचा रुपया भावाच्याच हातानं जाईन."

"आणि गिरधरला काय?"

"त्याच्या हातात येईन ना तो. टाकेपर्यंत त्याचाच हाये."

हे तिचे म्हणणे आहे, माझे मृत्युपत्र नव्हे. मी फक्त लिहून घेतले.

एकच बाब राहिली. एकोणनव्वदपासून मी तिला तो रुपया धुऊ नको म्हणून सांगत आलो. दर दिवाळीला ती एकच उत्तर देते: "पारोसा रुपया देवापाशी कसा ठेवू?" मी हिशेब केला आहे. असेच घासत गेले, तर नातवंडांच्या काळापर्यंत उठलेले सिंह पूर्ण जातील. ती बाजू कोरी होईल. या रुपयाचे स्वतःचे असे त्यावर काही उरणार नाही. आधीच्या नाण्याने आत जे ठेवले, तेवढे राहील, आणि ते जाणार नाही. हे मी भिंगाखाली दर वर्षी पाहतो. त्याची भीती वाटत असे. आता वाटत नाही.

सबब, सदर रुपया दर धनत्रयोदशीला चिंचेने घासून धुण्यास माझी कोणतीही हरकत नाही. माझ्यामागे माझ्या कोणत्याही वारसाची नसावी. खोल बाजूत अडकलेली चिंच काडीने काढावी. लोखंडी सुई वापरू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) शालिग्राम झिपरू भारंबे

साक्षीदार:
१. (सही) उखर्डू भिका कोल्हे, भुसावळ
२. (सही) वना अभिमन पाटील, जळगाव

स्थळ: जळगाव
दिनांक: ५ नोव्हेंबर १९९६

वारसांना वाचण्यास दिले:

सुगंधाबाई शालिग्राम भारंबे (अंगठा नको म्हणाली, सही केली)

वाचलं. यंदा ओवाळणीला मीच धुळ्याला जातो. तो रुपया जेव्हा येईल तेव्हा ताटात टाकीन. पण टाकण्याआधी एकदा नीट पाहीन. — गिरधर